गोड दारूचा मक्ता आणि एका रविवारचं बंड (लंडन, १६०१)

पोटमाळा:

एलिझाबेथ राणी आणि एसेक्सचा अर्ल रॉबर्ट डेव्हरू यांचा विषय निघाला की गाडी हमखास प्रेमप्रकरणाकडे वळते. साठी ओलांडलेली राणी, तिशीतला देखणा सरदार, रुसवेफुगवे आणि शेवटी कुऱ्हाड. परवा दुसऱ्या एका धाग्यावर हेच चाललं होतं. तिथे लिहायला बसलो आणि प्रतिसाद इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय.

माझ्या मते हे बंड प्रेमभंगातून नाही, मक्ता गेल्यामुळे झालं.

मक्ता होता परदेशातून येणाऱ्या गोड दारूवरच्या जकातीचा. राणीला ठरलेली रक्कम भरायची, जकात आपल्या माणसांकरवी वसूल करायची आणि वर उरेल ते आपलं. आधी हा मक्ता लेस्टरच्या अर्लकडे होता. तो एसेक्सचा सावत्र बाप. १५९० मध्ये तो एसेक्सला मिळाला, दहा वर्षांसाठी. एसेक्सच्या घराण्याला नाव होतं, पैसा नव्हता. बाप १५७६ मध्ये डब्लिनला वारला तो कर्ज मागे ठेवूनच. त्यामुळे पोराचा सगळा थाट, नोकरचाकर, चिलखतं आणि मागे फिरणारे कॅप्टन, सगळं उधारीवर. आणि सावकार उधार देत होते ते या मक्त्याकडे बघून.

हा त्याचा एकट्याचा प्रकार नव्हता. राणीकडे सरदारांना रोख द्यायला पैसा नव्हता. ती द्यायची मक्ते, मक्तेदाऱ्या, हुद्दे, जमिनींचे भाडेपट्टे. प्रत्येक गोष्टीवर सही एकाच बाईची. म्हणजे दरबार ही एक लांबच लांब रांग, आणि ज्याचा शब्द राणीच्या कानापर्यंत पोचतो त्याच्याकडे बाकीचे आपले अर्ज देणार. एसेक्सला स्वतःसाठी मागायचं होतंच, पण त्याहून जास्त आपल्या माणसांसाठी. तिथे त्याची गाठ पडली सेसिल बापलेकांशी.

गंमत अशी की एसेक्स बाप गेल्यावर पालकत्वाखाली गेला तो विल्यम सेसिल ऊर्फ लॉर्ड बर्लीच्याच. राणीचा सगळ्यात जुना मंत्री. त्याचा मुलगा रॉबर्ट एसेक्सहून दोन वर्षांनी मोठा, बुटका, पाठीत बाक, दिवसभर कागदांत डोकं. एसेक्स उंच, देखणा, १५८७ मध्येच मास्टर ऑफ द हॉर्स, म्हणजे शाही पागेचा प्रमुख. पैज कोणावर लावाल?

१५९६ मध्ये एसेक्स स्पेनच्या काडिझ बंदरावर चालून गेला, शहर घेतलं, गाजला. परत येतो तर राणीने रॉबर्ट सेसिलला सचिव करून टाकलेलं. तलवार गाजवायला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर गेलेल्याची खुर्ची घरी बसलेला घेतो. फ्रान्सिस बेकन तेव्हा एसेक्सच्या गोटात होता. त्याने त्याच वर्षी पत्र लिहून बजावलं होतं की लष्करी थाट आणि लोकप्रियता यांचं प्रदर्शन बंद कर, राणीला याचीच भीती वाटते. ऐकतो कोण.

१५९८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडला कोणाला पाठवायचं यावरून वाद झाला. याने राणीकडे पाठ फिरवली, तिने कानाखाली वाजवली, आणि याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. भर मसलतीत! त्याच ऑगस्टमध्ये म्हातारा बर्ली वारला आणि दहाच दिवसांत आयर्लंडमध्ये यलो फोर्डला इंग्रजांचा दणदणीत पराभव झाला. एसेक्सने आजवर प्रत्येक नावाला नाक मुरडलं होतं, तेव्हा आता तूच जा.

मार्च १५९९ मध्ये तो निघाला तेव्हा बरोबर सोळा हजारांचं पायदळ. त्या काळच्या इंग्लंडच्या मानाने प्रचंड फौज. जायचं होतं उत्तरेला, टायरोनचा अर्ल ह्यू ओनील याच्यावर. हा गेला दक्षिणेला. फौज रोगराई, पळापळ आणि ठाण्यांवरच्या नेमणुका यांत विरघळली, चार हजारांच्या आसपास उरली. सप्टेंबरमध्ये लॅगन नदीच्या उतारावर दोघे एकटेच भेटले, ओनीलने घोडा पोटापर्यंत पाण्यात घातला होता आणि हा काठावर. बोलणं काय झालं ते ऐकायला तिसरा माणूस नव्हता. बाहेर आलं ते एवढंच की तह झाला. राणीने पत्रात फटकारलं: या गद्दाराच्या शपथेवर विश्वास ठेवणं म्हणजे सैतानाच्या धर्मनिष्ठेवर विश्वास ठेवणं.

यावर त्याने सगळ्यात मोठा गाढवपणा केला. हुकूम नसताना आयर्लंड सोडलं आणि २८ सप्टेंबरला सकाळी नॉनसच राजवाड्यात चिखलाने माखलेल्या कपड्यांत थेट राणीच्या शयनगृहात घुसला. राणी नुकती उठलेली, चेहऱ्यावर रंग नाही, डोक्यावर टोप नाही, पांढरे केस मोकळे. ज्या बाईने तीस वर्षं चित्रकारांकडून आपलं तारुण्य रंगवून घेतलं तिला अशा अवस्थेत बघितलेला हा पहिला पुरुष असावा. तिने शांतपणे बोलून बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत हा नजरकैदेत.

पुढचं वर्ष कैदेत, आजारपणात आणि चौकशीत गेलं. ऑगस्ट १६०० मध्ये सुटला, पण दरबारात यायला बंदी. आणि मायकेलमसला, २९ सप्टेंबरला, मक्त्याची मुदत संपली. लाचारीची पत्रं पाठवली. राणीने मक्ता नव्याने दिला नाही, दुसऱ्या कोणालाही दिला नाही, स्वतःकडे ठेवला. सावकार दारात आले.

त्या रविवारचं खाली लिहितो, जेवायला हाका मारतायत.

तिसरी घंटा:

वाचतेय. लवकर जेवा.

उंबरठा:

लेखन आवडलं, पण सगळा इतिहास खातेवहीत बसवायचा अट्टहास पटला नाही. मक्ता ही शेवटची काडी होती. उंटाच्या पाठीवर आधीच काय होतं ते बघा.

राणी ६७ वर्षांची आणि वारसाचं नाव काढायचं नाही. काढलं की लोक मावळतीकडे पाठ करून उगवतीला नमस्कार घालायला लागतील, हे तिला पक्कं कळत होतं. तिची सावत्र बहीण मेरी गादीवर असताना ती स्वतःच उगवती होती! त्यामुळे १६०० मध्ये लंडनमधला प्रत्येक शहाणा माणूस स्कॉटलंडच्या जेम्सशी गुपचूप सूत जुळवायच्या खटपटीत. एसेक्सही. जेम्सचा मजकूर तो गळ्यातल्या काळ्या पिशवीत घालून फिरायचा. सेसिल मंडळी स्पेनच्या इन्फांटाला, म्हणजे तिथल्या राजकन्येला, गादीवर बसवणार अशी त्याची खात्री झाली होती, म्हणजे उद्या राणी गेली की आपलं मुंडकं उडणार. घाबरलेला माणूस होता तो. नुसता कर्जबाजारी नव्हे.

पोटमाळा:

उंबरठा, भीतीचा मुद्दा मान्य. पण घाबरलेल्या माणसामागे तीनशे जण का जमतात? तेही रांगेतून बाहेर फेकले गेले होते म्हणून. असो. आता रविवार.

८ फेब्रुवारी. स्ट्रँडवरच्या एसेक्स हाउसच्या अंगणात सकाळपासून गर्दी. साउदॅम्प्टनचा अर्ल, रटलंडचा अर्ल, सावत्र बाप क्रिस्तोफर ब्लंट (आईचा तिसरा नवरा), आयर्लंडहून परतलेले बेकार कॅप्टन, एसेक्सचा कारभारी मेरिक याने वेल्समधून आणलेली माणसं. आदल्या रात्री राजवाड्याचं बोलावणं आलं होतं, हा गेला नव्हता. बेत होता राजवाडा काबीज करून सेसिल आणि दरबारातला दुसरा वैरी वॉल्टर रॅली यांना हटवायचं आणि राणीच्या पायावर डोकं ठेवायचं. राणीविरुद्ध बंड नाही म्हणे, राणीच्या भोवतालच्या दुष्टांविरुद्ध.

दहाच्या सुमाराला राणीने चार बडी माणसं पाठवली: लॉर्ड कीपर एजर्टन, सरन्यायाधीश पॉपम, वुस्टरचा अर्ल आणि सर विल्यम नोलिस, हा तर एसेक्सचा सख्खा मामा. काय तक्रार असेल ती सांग, ऐकून घेऊ. अंगणात आरडाओरडा, मारा मारा. एसेक्सने चौघांना आपल्या ग्रंथालयात नेऊन कुलूप घातलं. इथे खेळ संपला खरं तर. राणीच्या दूतांना कोंडल्यावर मागे फिरायला वाट राहत नाही.

आणि मग राजवाड्याकडे जायचं सोडून हा उलट दिशेला, शहरात गेला! दोनेकशे माणसं, बहुतेकांकडे नुसत्या तलवारी. "राणीसाठी! राणीसाठी! माझ्या जिवावर उठलेत!" असं ओरडत. लोक खिडक्यांत आले, टोप्या हलवल्या, कौतुकाने बघितलं. खाली एकही उतरला नाही. त्यांना वाटलं राणीशी समेट झाला आणि मिरवणूक निघाली.

फेन्चर्च स्ट्रीटला शेरीफ टॉमस स्माइथचं घर. त्याच्या हाताखालचे हजार सैनिक आपल्याला मिळणार असा निरोप आला होता, निदान एसेक्सची तशी समजूत. स्माइथने पाहुण्यांना घरात घेतलं आणि मागच्या दाराने लॉर्ड मेयरकडे सटकला. एसेक्स तिथे घामाने भिजलेला सदरा बदलत आणि जेवत बसला. तेवढ्या वेळात टॉमस सेसिल, रॉबर्टचा थोरला भाऊ, शहरात फिरून एसेक्सला राजद्रोही जाहीर करून गेला. बाहेर येऊन बघतो तर माणसं पातळ झालेली.

परतताना लडगेट वेशीवर साखळी आणि भालेकरी. चकमक झाली, ब्लंट जखमी होऊन पकडला गेला, एसेक्सच्या टोपीतून गोळी आरपार गेली. उरलेले नदीकडे पळाले, होड्या पकडून घरी. घरी ओलीस सुटलेले, त्याच्याच गोटातल्या फर्डिनांडो गोर्जेसने स्वतःची कातडी वाचवायला सोडले. मग कागद जाळणं, ती काळी पिशवीही. लॉर्ड अ‍ॅडमिरल नॉटिंगहॅमने टॉवरमधून, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातून, तोफा मागवल्या आणि घर उडवायची धमकी दिली. रात्री दहाच्या सुमाराला शरणागती.

एवढंच. सकाळी दहा ते रात्री दहा.

नदीष्ट:

शेरीफकडे जेवण 😂 आयुष्यात एकदा बंड करायचं आणि त्यातही जेवणाची सुट्टी.

थेम्सकाठी:

माझं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. एसेक्स हाउस आता नाही, पण एसेक्स स्ट्रीट आणि डेव्हरू कोर्ट ही नावं तिथेच आहेत, टेंपल स्टेशनच्या वरच्या अंगाला. नवीन आले तेव्हा डेव्हरू कोर्टातून रोज जायचे आणि हा कोण डेव्हरू असा प्रश्न पडला नव्हता.

पायी अंतर बघा म्हणजे चूक लक्षात येईल. एसेक्स हाउसपासून राणीचा व्हाइटहॉल राजवाडा पश्चिमेला, स्ट्रँडवरून पंधरा-वीस मिनिटं. त्या सकाळी तिथे पहारा तोकडाच होता. फेन्चर्च स्ट्रीट पूर्वेला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे राणीपासून जितकं लांब जाता येईल तितका लांब गेला. बेत असाही असावा की सेंट पॉलसमोर रविवारचं प्रवचन चालू असताना पोचायचं, मेयर आणि सगळे नगरशेठ आयते एका ठिकाणी सापडतील. पण त्या चौघांना कोंडण्यात वेळ गेला आणि प्रवचन संपून लोक घरोघर पांगले.

तिसरी घंटा:

आदल्या दिवशीचं नाटक कसं विसरलात?! शनिवारी, ७ तारखेला, ग्लोब नाट्यगृहात एसेक्सच्या माणसांनी खास खेळ लावून घेतला. रिचर्ड दुसरा, राजाला गादीवरून उतरवतात ते शेक्सपिअरचं नाटक. कंपनी म्हणाली, जुनं झालंय, गर्दी होणार नाही. तर नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जास्तीचे दिले. हे सगळं ऑगस्टीन फिलिप्स या नटाच्या जबानीत आहे. अगदी आपल्याकडच्या कंत्राटी प्रयोगासारखं, बुकिंगची हमी दिली की मग कोणतं का नाटक असेना.

कंपनीवर काही कारवाई झाली नाही. उलट २४ फेब्रुवारीला त्याच मंडळींचा प्रयोग राणीसमोर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एसेक्सचा शिरच्छेद. पण राज्यत्यागाचा तो प्रवेश राणी जिवंत असेपर्यंत छापला मात्र गेला नाही, १६०८ च्या प्रतीत आला.

दप्तरदार:

दोन गोष्टी.

एक, मूळ कागद बघणाऱ्यांना या घटना फेब्रुवारी १६०० अशा दिसतील. गोंधळू नका, तेव्हा इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. मागच्या दाराने सटकलेला तो शेरीफ स्माइथ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. सनद ३१ डिसेंबर १६०० ची, बंड त्यानंतर ३९ दिवसांनी. जेवू घातल्याबद्दल स्माइथची रवानगी टॉवरमध्ये झाली, शेरीफपद आणि गव्हर्नरपद दोन्ही गेलं. जेम्स आल्यावर मात्र सर ही पदवी मिळाली आणि तो पुन्हा गव्हर्नर झाला. पुढे सुरतेला वखार पडली, जहांगीराकडे टॉमस रो वकील म्हणून आला, तेव्हा लंडनमध्ये कंपनीच्या गादीवर हाच स्माइथ होता. टोपीकरांच्या कंपनीचा पहिला कारभारी या भानगडीतून वाचला तो परसदारामुळे.

नदीष्ट:

दप्तरदारकाका, हे माहीत नव्हतं. दंडवत.

(बारभाईंशी तुलना कोणी करायच्या आत सांगतो: नवीन धागा काढा.)

उंबरठा:

बेकनबद्दल लिहायला हवं. एसेक्सने त्याला अ‍ॅटर्नी जनरल करा म्हणून राणीपुढे नाक घासलं. पद एडवर्ड कोकला गेलं, तेव्हा भरपाई म्हणून स्वतःची जमीन बेकनला दिली, स्वतः कर्जात असताना. आणि १९ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला तेव्हा फिर्यादीच्या बाजूने कोकच्या शेजारी कोण? बेकन. कोक नुसता ओरडत भरकटत होता, खटला रुळावर आणला तो याने. नंतर सरकारी बाजूची पुस्तिकाही यानेच लिहिली. खाल्ल्या मिठाला कोणी किती जागावं?

पोटमाळा:

बेकनचा बचाव करणार नाही, पण तो राणीचा नोकर होता, आणि सल्ला पाच वर्षं आधी देऊन झाला होता. बुडत्या होडीतून उडी मारली म्हणून पोहणाऱ्याला शिव्या का? आणि एसेक्सचं पण बघा की. शिक्षा झाल्यावर पाद्र्याने परलोकाची भीती घातली आणि त्याने सगळ्यांची नावं सांगून टाकली. सख्ख्या बहिणीचं, पेनेलोपीचंसुद्धा.

खटल्यातला नाट्यमय भाग निराळाच. एसेक्स म्हणाला, सेसिल स्वतः म्हणाला होता की इन्फांटाचा हक्क कोणाहून कमी नाही. यावर पडद्यामागे ऐकत बसलेला सेसिल बाहेर आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, कोणी सांगितलं ते नाव दे. नाव निघालं मामा नोलिसचं. त्याला बोलावलं. तो म्हणाला, सेसिलने मला पुस्तकातला दावा वाचून दाखवला होता, स्वतःचं मत म्हणून नाही. ज्या भीतीवर बंड उभं केलं ती भर कोर्टात फुस्स झाली.

उंबरठा:

पाच वर्षं आधी सल्ला दिला म्हणून फाशीचा दोर ओढायचा परवाना मिळतो का? थांबते. चहा घेऊन येते.

दप्तरदार:

बंड का फसलं हे मूर्खपणावर ढकलू नये. १५६९ मध्ये उत्तरेच्या दोन अर्लनी उठाव केला तेव्हा निदान काही हजार कुळं मागे आली होती, कारण तिथले शेतकरी अजून त्यांना मालक मानत. तीस वर्षांनी ते दिवस सरले होते. १६०१ चा सरदार म्हणजे दरबारातला अर्जदार. लंडनच्या व्यापाऱ्याला तर त्याचं काय पडलंय? दुष्काळाची वर्षं, मक्तेदाऱ्यांमुळे महागाई, चीड भरपूर होती, पण एसेक्स त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. बोलणार कसा, तो स्वतःच मक्तेदार.

त्याच नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटमध्ये मक्तेदाऱ्यांवरून वादळ उठलं. राणीने त्यातल्या काही रद्द केल्या आणि भाषणाने सगळ्यांना विरघळवून टाकलं. म्हातारी शेवटपर्यंत तल्लख होती.

आणखी एक धागा: या बंडात दंड भरून सुटलेल्यांत रॉबर्ट केट्सबी होता. १६०५ च्या दारूगोळा कटाचा, म्हणजे पार्लमेंट उडवून द्यायच्या कटाचा, सूत्रधार. मंटीगल हा उमरावही इथे होता, आणि त्या कटाची खबर देणारं निनावी पत्र पुढे आलं ते त्याच्याच हातात.

गुलबक्षी:

मस्त चर्चा. एक बाळबोध प्रश्न: अंगठीची गोष्ट खरी का? राणीने दिलेली अंगठी त्याने कैदेतून पाठवली आणि नॉटिंगहॅमच्या बायकोने दाबून ठेवली ती?

तिसरी घंटा:

नाही हो. त्या वेळच्या कागदांत तिचा मागमूस नाही, पुढच्या शतकात रंगलेली गोष्ट आहे. नाटकवाल्यांना मात्र पोटभर मिळाली.

थेम्सकाठी:

टॉवर ग्रीनवर काचेचं स्मारक आहे, वर काचेचीच उशी. कडेने नावं: अ‍ॅन बोलिन, कॅथरिन हॉवर्ड, जेन ग्रे... आणि एसेक्स. २५ फेब्रुवारी, वय ३५, तीन घाव लागले. अ‍ॅन बोलिन म्हणजे राणीची आई, आणि एसेक्सची पणजी तिची सख्खी बहीण. मी गेले तेव्हा लोक अ‍ॅन बोलिनच्या नावाचा फोटो काढत होते.

साउदॅम्प्टन सुटला. त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. टॉवरमधल्या दिवसांचं त्याचं एक चित्र आहे, शेजारी खिडकीत काळीपांढरी मांजर बसलेली.

नदीष्ट:

मांजराचं नाव काय होतं? (गंभीर प्रश्न.)

गुलबक्षी:

मला मक्त्याचीच काळजी. राणीने स्वतःकडे ठेवला, मग ती गेल्यावर?

पोटमाळा:

वाटच बघत होतो कोणी विचारतंय का.

राणी २४ मार्च १६०३ ला गेली. जेम्स आला तो सेसिलच्या व्यवस्थेमुळे. एसेक्स गेल्यावर जेम्सशी गुप्त पत्रव्यवहार सेसिलने स्वतःकडे घेतला होता, म्हणजे ज्या गुन्ह्याची पिशवी एसेक्सने जाळली तेच काम सेसिलने नीट, वेळेवर आणि बोभाटा न करता केलं. रॅली त्याच वर्षी टॉवरमध्ये गेला, समोर फिर्यादीला तोच कोक. आणि साउदॅम्प्टन बाहेर आला, सरदारकी परत मिळाली, आणि त्या वर्षीच जेम्सने त्याला गोड दारूचा मक्ता दिला.